बोलणं थांबवू नका

पुणे

चि. सौ. सोनूस आणि जावईबापूंस,


तुम्ही फोनवर पाठवलेले सगळे रिपोर्ट मी छापून घेतले आणि टेबलावर मांडून नीट वाचले. जन्मानंतर दोनदा झालेली ओएई, म्हणजे कानांची चाळणी तपासणी, दोन्ही वेळा नापास. तिसऱ्या महिन्यातली बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदू देतात त्या प्रतिसादाची तपासणी, दोन्ही कानांत ८० डेसिबलच्या आसपास. टिम्पॅनोमेट्री ठीक, म्हणजे पडद्यामागे पाणी साठल्यामुळे ऐकू येत नाही असंही नाही. सगळ्या तपासण्या एकच सांगताहेत, तेव्हा ‘मशीनच चुकलं असेल’ या आशेवर आता दिवस काढू नका. दुसरीकडे एकदा पुन्हा बेरा करून घ्यावीशी वाटली तर जरूर करा, मनाची खात्री होते. पण त्या तारखेसाठी बाकीचं काही अडवून ठेवू नका.

सोनू, काल फोनवर तू म्हणालीस, “मावशी, तिला ऐकूच येत नाही, तर मी आता बोलू तरी काय?” हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. लहान मुलांच्या कानांच्या या कामात माझी सगळी नोकरी गेली, आणि या वाक्याइतकी भीती मला बेराच्या आकड्यांचीही वाटत नाही. निदान होतं आणि घर गप्प होतं. कालपर्यंत बाळाला कडेवर घेऊन अखंड बडबडणारी आई दूध पाजताना भिंतीकडे बघत बसते. आजी पाळणा हलवते, पण गाणं म्हणत नाही. बाळाच्या कानांत कालच्यापेक्षा आज काहीही बिघडलेलं नसतं, पण त्याच्याभोवतीची भाषा मात्र आटलेली असते. छकुलीच्या बाबतीत असं होऊ देऊ नका. तुला रडायचं असेल तर पोटभर रड, तो तुझा हक्क आहे. रडून झालं की डोळे पूस, तिला समोर घे आणि तिच्याशी बोल.

आधी ८० डेसिबल म्हणजे काय ते सांगते. आपण घरात साधं बोलतो ते साधारण साठच्या आसपास असतं. म्हणजे आपलं रोजचं बोलणं छकुलीपर्यंत जवळजवळ पोचत नाही. जवळून वाजणारी कुकरची शिट्टी किंवा दार आपटल्याचा आवाज थोडाफार पोचत असेल. म्हणूनच तुझ्या सासूबाईंनी ताट वाजवलं तेव्हा ती वळली. कधी असा मोठा आवाज थोडा पोचतो, कधी जमिनीचा हादरा, कधी वाऱ्याची झुळूक, कधी नुसती डोळ्यांच्या कडेला दिसलेली हालचाल. पाळण्यामागे ताट वाजवून बाळाला बोलणं ऐकू येतं का ते कळत नाही. आणि ‘ती अग्गू अग्गू करते, मग ऐकू येतच असणार’ हेही खरं नाही. ऐकू न येणारी बाळंसुद्धा या वयात हुंकार देतात, हसताना आवाज काढतात. त्यांचा गळा, जीभ, स्वरयंत्र सगळं धड असतं. फरक पुढे पडतो. साधारण सहा ते दहा महिन्यांत इतर बाळं ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरं घोळवू लागतात, तेव्हा न ऐकणारं बाळ मागे राहतं, कारण त्याला स्वतःचाही आवाज परत ऐकू येत नाही. पुष्कळ घरांत हे लक्षातच येत नाही. ‘याचे वडीलही चार वर्षांनी बोलले’ असं म्हणत म्हणत मूल अडीच-तीन वर्षांचं होतं आणि मग दवाखान्यात येतं. तुमच्या प्रसूतिगृहात जन्मल्यावर लगेच ओएई केली, हे मोठं काम झालं. अजून आपल्याकडे प्रत्येक बाळाच्या वाट्याला ते येत नाही.

जगभर या बाबतीत एक साधा हिशोब सांगितला जातो: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्याच्या आत मदत सुरू. छकुली आता चार महिन्यांची. म्हणजे तुम्ही वेळेत आहात, आणि वेळ जपायची ती इथून पुढची. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये ख्रिस्तीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकू कमी येणाऱ्या दीडशे मुलांची भाषा तपासून १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ७२ मुलांचं निदान सहा महिन्यांच्या आत झालं होतं, ७८ मुलांचं नंतर. आधी निदान झालेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: ऐकू कमी येतं की फारच कमी येतं, घर तोंडाने बोलणारं आहे की खुणांनी, आई शिकलेली आहे की नाही, कशानेही हा फरक पुसला गेला नाही. आणि या मुलांना मदत म्हणून काय मिळत होतं? आठवड्यातून एकदा कोणीतरी जाणकार घरी येई आणि आईबापांना शिकवी. बाळाशी कसं बोलायचं, कसं खेळायचं, त्याचं म्हणणं कसं ओळखायचं. धडा आईबापांचा असे. उरलेला सगळा आठवडा बाळ ज्यांच्या हातांत असतं, त्यांनाच तयार करायचं, हे त्या मदतीचं मर्म. तुमच्या हातून व्हायचं आहे तेही एवढंच.

आता एक बोलणं कडू वाटलं तरी उरकून टाकते. तुझ्या सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि तू भाजी चिरलीस, ही चर्चा तुमच्याकडे झाली असं तुझी आई म्हणाली. सोनू, ग्रहणाने कान जात नाहीत. जन्मतः ऐकू न येण्याच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत कारण जनुकांत असतं, आणि त्यांतही बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडे दोषाची एकेक प्रत असते. दोघांनाही उत्तम ऐकू येतं, म्हणून कुणाला पत्ता नसतो. बाळाला दोन्ही प्रती आल्या की दोष दिसतो. कनेक्सिन २६ नावाच्या प्रथिनाचं जनुक यात सगळ्यात जास्त वेळा सापडतं. ऐकू न येणारी ९० टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी येतात. काही बाळांत कारण गरोदरपणी झालेला सीएमव्ही किंवा रुबेलाचा संसर्ग असतो, काहींत जन्मानंतरची फार वाढलेली कावीळ, अपुरे दिवस. जनुकीय तपासणी करून घ्यायची तर डॉक्टरांशी बोला. पुढच्या बाळाचा विचार करताना तिचा उपयोग होईल, आणि काही प्रकारांत कानांसोबत डोळे किंवा हृदयही तपासावं लागतं तेही कळेल. छकुलीचे डोळे मात्र एकदा तपासून घ्याच, तिच्या डोळ्यांवर आता दुप्पट काम पडणार आहे. पण कारण शोधणं वेगळं आणि दोषी शोधणं वेगळं. जावईबापू, घरात हा विषय पुन्हा निघाला तर तो तुम्ही थांबवायचा. सुनेने स्वतःच्या बाजूने बोलायची वेळ येऊ देऊ नका.

सासूबाईंना दुखवू नका. वेखंड मधात उगाळून जिभेला लावायचं त्या म्हणतात ते मायेपोटीच. पण छकुलीच्या जिभेला काहीही झालेलं नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर चाटवायचाच नाही, त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. कानात तेल घालणंही आजपासून बंद. त्याऐवजी त्यांना एक खरं काम द्या. त्यांच्याइतका वेळ आणि त्यांच्याइतक्या गोष्टी घरात कुणापाशीच नाहीत. रोज दुपारी छकुलीला मांडीवर समोरासमोर घेऊन त्यांनी तासभर बोलत बसायचं, आपल्या संगमेश्वरी बोलीतच. उद्या कुणी तुम्हाला सांगेल की आता घरात शाळेची इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळेल. ऐकू नका. आईबाप आणि आजी ज्या भाषेत रागावतात, लाडावतात, हसतात, तीच भाषा मुलाला भरभरून मिळते. परक्या भाषेत तुमच्याकडे पन्नास वाक्यं असतील, मराठीत हजारो आहेत.

यंत्रांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण पहिले सहा महिने त्यांतच दमछाक होते. दोन्ही कानांना, कानामागे बसणारी डिजिटल यंत्रं हवीत, आणि ती बेराच्या आकड्यांवरून ऑडिओलॉजिस्टनेच लावलेली हवीत. जाहिरातीतली, दुकानात सरसकट मिळणारी आवाज मोठा करणारी यंत्रं घेऊ नका. बाळाचा कान भराभर वाढतो, त्यामुळे मोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा साचा, एक-दोन महिन्यांत सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागतं. शिट्टी आली की यंत्र बिघडलं समजून काढून ठेवू नका, नवा मोल्ड करून घ्या, आणि तो येईपर्यंत जुनाच नीट दाबून बसवा. छकुली हात नेऊन यंत्र ओढणार, तोंडात घालणार. पातळ मलमलचं टोपडं वरून बांधलं की काम भागतं. जाड लोकरी टोपडं नको, त्यानेही शिट्टी येते. यंत्राला दोरी बांधून तिचा चिमटा झबल्याला मागच्या बाजूने लावा. बॅटरीच्या झाकणाला लहान मुलांसाठीचं कुलूप असतं, ते मागून घ्या. बटणाएवढी बॅटरी पोटात गेली तर अन्ननलिका जाळते. तसा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय न करता ताबडतोब मोठा दवाखाना गाठायचा. तुमच्या चिपळूणच्या पावसाळ्यात यंत्रांत दमट हवा शिरते, तेव्हा रात्री ती सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. आंघोळीला यंत्रं काढायची, आणि शेकशेगडी, धुरी होईपर्यंत लांबच ठेवायची.

दिवसाला किती वेळ? छकुली जागी असेल तितका सगळा वेळ. अमेरिकेत श्रवणयंत्रं वापरणाऱ्या मुलांचा काही वर्षं माग काढून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दिवसाला दहा तासांहून अधिक यंत्र लावणाऱ्या मुलांची भाषा चांगली वाढलेली दिसली. चार महिन्यांचं बाळ दहा तास जागंही नसतं, म्हणून सुरुवातीला दर जागेपणी यंत्र एवढंच धरून चाला. पहिल्या दिवसापासून दहा तास झाले नाहीत म्हणून स्वतःला टाकून बोलू नकोस. दूध पाजताना वीस मिनिटं, खेळताना अर्धा तास, असं करत वाढवायचं.

रोज सकाळी यंत्रं लावली की छकुलीच्या मागे बसून सहा आवाज काढायचे: म्, ऊ, आ, ई, श, स. डॅनियल लिंग या शिक्षकाने ही साधी चाचणी दिली. बोलण्यातल्या जाड-बारीक सगळ्या आवाजांचा अंदाज या सहांत येतो. ती अजून वळणार नाही. पण दूध पिता पिता थांबेल, डोळे मोठे करेल, पाय हलवायचे थांबवेल. ते टिपायचं. ‘आ’ला रोज उत्तर मिळतं आणि ‘स’ला कधीच नाही, असं दिसलं तर ते ऑडिओलॉजिस्टला सांगायचं, त्यावरून यंत्र बदलून लावता येतं. ‘स’ बारीक आणि हलका आवाज, पण मराठीत त्याच्यावर किती भार आहे बघ. ‘खाल्लंस का’, ‘आलीस का’, ‘दिलंस ना’. शेवटचा स ऐकू आला नाही तर प्रश्न आपल्याला विचारलेला आहे हेच मुलाला उमगत नाही. हे सहा आवाज, बॅटरी बदलणं आणि वहीत नोंद ही कामं जावईबापूंची. लोट्याच्या एमआयडीसीतली शिफ्ट सांभाळून सकाळची दहा मिनिटं निघतात. दवाखान्यातल्या प्रत्येक भेटीला दोघांनी जायचं. एकट्या आईने सगळं ऐकायचं, घरी येऊन सगळ्यांना समजवायचं आणि वर त्यांचे प्रश्नही झेलायचे, यात बायका पार मोडून जातात. मी पाहिल्या आहेत.

यंत्र म्हणजे चष्मा नव्हे, की लावला आणि स्पष्ट दिसलं. यंत्र आवाज आत नेतं. त्या आवाजाचा अर्थ मेंदूला शिकावा लागतो, आणि तो शिकतो माणसांकडून. म्हणून बोलण्याची जागा जपायची. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. ओट्याजवळून तू पाळण्याकडे बघत बोललीस तर त्यातलं फारच थोडं तिच्या यंत्रापर्यंत पोचेल. कडेवर घेतलंस की तुझं तोंड तिच्या कानापासून वीतभर. कडेवरची जागा सगळ्यात चांगली, एवढं लक्षात ठेव. टीव्ही बंद. मिक्सर लावायचा तेव्हा गप्पा नकोत. खिडकीचा उजेड तुझ्या चेहऱ्यावर पडेल असं बस, पाठीवर नको.

आणि बोलायचं काय? जे चाललं आहे ते. ‘पाणी’ असा एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने, तोंड वाकडं करून नाही. ‘चल, आता पाणी पिऊया. अरे, गार आहे का?’ असं छोट्या, पुऱ्या वाक्यांत, चढउतारासकट, जसं बाळाशी आपण बोलतोच. तिचं लक्ष जिथे असेल तिथलं बोलायचं. ती पंख्याकडे बघत असेल तर पंख्याचं बोल, तुझ्या हातातल्या खुळखुळ्याचं नको. बोललीस की थांब. मोठी माणसं थांबत नाहीत, हीच सगळ्यात मोठी अडचण. मनात सावकाश पाचपर्यंत मोज. तिने पापण्या हलवल्या, अग्गू केलं, लाथ मारली, तर तो तिचा जबाब धर आणि त्याला उत्तर दे. कुकरची शिट्टी झाली की आपल्या कानाला बोट लाव, चेहऱ्यावर नवल आण, ‘ऐकलंस? शिट्टी झाली!’ म्हण आणि तिला कुकरपाशी नेऊन दाखव. दारावरची बेल, रिक्षाचा हॉर्न, पत्र्यावरचा पाऊस, सगळ्यांचं असंच. आवाज कुठून येतो हे इतर मुलांना आपोआप कळतं, तिला ते दाखवून द्यावं लागतं. तेल लावताना आणि न्हाऊ घालताना यंत्रं नसतात, तेव्हा तुझा चेहरा आणि हात बोलू देत. बोलण्याची वेगळी ‘थेरपीची वेळ’ काढायला मी सांगणार नाही. दिवसभरात जे दहादा होतं, लंगोट बदलणं, कपडे घालणं, दूध, पाळणा, त्या दहा वेळा बोलणं झालं की पुरे.

खुणांच्या भाषेबद्दल तू विचारलंस, आणि कुणीतरी तुला घाबरवलंही आहे की हात वापरले तर मूल बोलणार नाही. माझं मत स्पष्ट आहे. मी जन्मभर मुलांना बोलायला शिकवलं आणि तरीही सांगते, छकुलीला खुणा द्या. १८८० साली मिलानमध्ये शिक्षकांच्या परिषदेने खुणांविरुद्ध ठराव केला. त्याची सावली शंभर वर्षं शाळांवर राहिली, मुलांच्या हातांवर पट्ट्या बसल्या, आणि ज्यांना बोलणं जमलं नाही ती मुलं भाषेवाचूनच मोठी झाली. यंत्रांतून छकुलीला किती ऐकू येईल हे आज कुणालाच सांगता येणार नाही. ते कळायला काही महिने लागतील, आणि त्या महिन्यांत तिचा मेंदू भाषेसाठी थांबून राहणार नाही. लॉरा पेटिटो आणि पॉला मारेनटेट यांनी १९९१ साली दाखवलं की ज्यांच्या घरात खुणांची भाषा आहे ती ऐकू न येणारी बाळं, इतर बाळं ‘बाबाबा’ करतात त्याच वयात, हातांनी बोबडं बोलू लागतात. म्हणजे मेंदूला भाषा हवी असते, ती कानाने आली की डोळ्यांनी, याची त्याला पर्वा नसते. दूध, आई, बाबा, अजून, झालं, झोप, कुठे, एवढ्यापासून सुरू करा, तोंडाने बोलत बोलत हाताने. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेची संस्था स्थापन झाली, तिचा दहा हजार शब्दांचा कोश नेटवर फुकट पाहता येतो. त्याहून चांगलं म्हणजे चिपळुणात किंवा रत्नागिरीत ऐकू न येणारं एखादं मोठं माणूस शोधा, जे ही भाषा वापरतं, काम करतं, संसार करतं, आणि त्याला जेवायला बोलवा. छकुली मोठी झाल्यावर कशी असेल ही तुझ्या मनातली धास्ती माझ्या पत्राने जाणार नाही, त्या माणसाला भेटून बरीचशी जाईल.

इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचा विचार पुढचा, पण आत्तापासून डोक्यात असू द्या. यंत्रं नीट लावून तीन-सहा महिने पाहायचं. बोलण्याचे आवाज पुरेसे पोचत नाहीत असं दिसलं तर कॉक्लिअर इम्प्लांट. तेव्हा मग रेंगाळायचं नाही. अनु शर्मा यांच्या संशोधनात साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या बहुतेक मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद वयाला साजेसा झालेला दिसला, सातव्या वर्षानंतर क्वचित. आधी एमआरआय करून कानाची नस आहे ना ते पाहतात, आणि न्यूमोकॉकसची लस पुरी करून घेतात, कारण इम्प्लांट झालेल्या मुलांना मेंदूज्वराचा धोका थोडा अधिक असतो. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः ऐकू न येणाऱ्या एक ते पाच वर्षांच्या मुलांची शस्त्रक्रिया होते, आणि तिचं काम वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेकडून चालतं. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, प्रतीक्षा यात महिने जातात, म्हणून चौकशी आत्ताच करा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात. मोबाइलवर फिरतात त्या चित्रफितींसारखी छकुली त्या क्षणी हसेलच असं धरू नका, पुष्कळ मुलं दचकून रडतात. तिच्या ऐकण्याचं वय त्या दिवशी शून्य असतं. मग मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्र तिच्या ऐकण्याशी जुळवून घ्यायला, पुन्हा पुन्हा जायचं, बाहेरच्या भागाची वायर, कॉइल, बॅटरी यांचा खर्च आयुष्यभर. तो आकडा शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या. आणि एक गोष्ट मी पुष्कळ घरांत पाहिली आहे म्हणून बोलून दाखवते. मुलगा असता तर कर्ज काढलं असतं, मुलगी आहे तर बघू पुढे, असा सूर निघतो. तुमच्या घरात तो निघणार नाही याची मला खात्री आहे, पण नातेवाईकांत निघेल. तेव्हा दोघं एकमेकांच्या बाजूला उभे राहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे, तेव्हा रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा आणि छकुलीचं नाव नोंदवा. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करा, सगळ्या योजना त्यावरून पुढे सरकतात. ‘दिव्यांग’ असा कागद घ्यायला पुष्कळ आईबाप कचरतात, दोन-दोन वर्षं काढतात. कागदाने मुलगी बदलत नाही, हक्क मात्र मिळतात. स्पीच थेरपिस्टची भेट आठवड्याला मुंबईत होणं शक्य नाही. महिन्या-दोन महिन्यांनी प्रत्यक्ष आणि मध्ये व्हिडिओवर, असं ठरवून घ्या. व्हिडिओवर थेरपिस्टने तुमचं छकुलीशी बोलणं पाहावं आणि तुम्हाला सुचवावं. तिने फोनमधून छकुलीला शिकवत बसायचं, याचा उपयोग नाही.

आणि दुसऱ्या आईबापांना भेटा. लॉस एंजलिसच्या लुईझ ट्रेसी यांचा मुलगा जॉन याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्यांनी १९४२ साली आईबापांसाठी केंद्र काढलं आणि लांबच्या घरांसाठी टपालाने धडे पाठवायला सुरुवात केली, पैसे न घेता, जगभर. एका आईने हजारो आयांना पत्रं पाठवली, असंच ते काम. आपल्याकडे चेन्नईच्या बाल विद्यालयात १९६९पासून अगदी लहान मुलं आईसोबत येतात आणि आईही शिकते. तुम्हाला इतक्या लांब जायला नको. ऑडिओलॉजिस्टला विचारा, तुमच्या भागातल्या दोन-तीन कुटुंबांची संमती घेऊन ते गाठ घालून देतील. रात्री अकराला मोल्ड सापडत नाही, मूल यंत्र फेकतंय, सासरी लग्नाला जाताना लोक कानांकडे बघतात, हे ज्या आईने झेललं आहे तिच्याशी बोललीस की तुला जे बळ येईल ते माझ्या किंवा डॉक्टरांच्या सांगण्याने येणार नाही.

मुंबईला मोल्डची मापं द्यायला जाल तेव्हा वही घेऊन जा आणि एवढं विचारा: कोणत्या पट्टीतला आवाज यंत्राने किती पोचतो, कानात मोजून लावलं आहे का, लहान मुलांचं कुलूप आणि दोरी आहे का, बिघडलं तर बदली यंत्र मिळेल का, पुढची तपासणी कधी. छकुलीला झोपवून, पोट भरून न्या, म्हणजे माप देताना हलणार नाही.

यंत्रं लागली की कळवा. पहिल्या आठवड्याची वही, सहा आवाजांच्या नोंदींसकट, जावईबापूंनी मला फोटो काढून पाठवावी. यंत्र लावल्यावर छकुली रडली, ओढलं, फेकलं, तरी तेही लिहा. गणपतीत मी चिपळूणला येईन, तोवर दर रविवारी संध्याकाळी फोन करते. तेव्हा सासूबाईंशीही बोलेन. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि छकुलीला गोड पापा.

तुमची,
मावशी